पक्षी-संशोधनातली पोस्ट-डॉक फेलोशिप : २४ महिने आणि दोनच हंगाम

प्रश्न थोडक्यात असा आहे : सोलापूर-पुणे पट्ट्यातल्या माळरानी पक्ष्यांवर पीएचडी सुरू आहे, प्रबंध सहाएक महिन्यांत जमा होईल. पुढे पोस्ट-डॉक करायची आहे आणि हिवाळ्यात येणाऱ्या भोवत्यांना (हॅरियर या शिकारी पक्ष्यांना) टॅग, म्हणजे मार्ग कळवणारे छोटे यंत्र, लावून त्यांचा अभ्यास करायचा विचार आहे. अर्ज कुठे करावा, कधी करावा आणि प्रस्तावात काय लिहावे?

फेलोशिपांची यादी बाजूला ठेवा आणि आधी भिंतीवरचे कॅलेंडर काढा. पक्ष्यांवरचे बहुतेक चांगले प्रस्ताव विज्ञानात कमी पडत नाहीत, तारखांत पडतात. परीक्षकाला ते अर्जातच दिसते. त्याला दिसले नाही आणि फेलोशिप मिळाली, तर तुम्हाला दुसऱ्या वर्षी दिसते.

भोवत्या आपल्याकडे साधारण ऑक्टोबरात उतरतात आणि मार्चअखेर निघून जातात. दोन वर्षांच्या फेलोशिपमध्ये फार तर दोन हिवाळे बसतात. समजा डिसेंबरात रुजू झालात. पहिला हिवाळा संस्थेचे ओळखपत्र, बँक खाते, खरेदीच्या फायली आणि परवानगीचे अर्ज यांत जातो. दुसरा हिवाळा पूर्ण मिळतो. तिसरा सुरू होतो तेव्हा फेलोशिपचे शेवटचे दोन महिने उरलेले असतात आणि त्या वेळी तुम्ही पुढची नोकरी शोधत असता. म्हणजे २४ महिन्यांत कामाचा हंगाम एकच. तोच उमेदवार जुलैत रुजू झाला तर दोन पूर्ण हिवाळे मिळतात आणि शेवटी तीन महिने लिखाणाला उरतात. बहुतेक फेलोशिपांत रुजू होण्याची तारीख काही महिने पुढे-मागे करता येते, ती मागून घ्या. विषय तणमोर किंवा पावसाळ्यात विणीला येणारे चंडोल असेल तर गणित उलटे : जानेवारी-फेब्रुवारीत रुजू व्हा, म्हणजे जूनच्या पहिल्या पावसाआधी जागा पाहून होतात आणि पद्धत चाचपून होते.

आता त्यात परवानगी घाला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. पकडणे, सापळा लावणे हे त्यात येतेच, पण पक्ष्यांच्या बाबतीत अंडी किंवा घरटे विचलित करणेही येते. म्हणून घरट्यातली अंडी हातात घेऊन कॅलिपरने मोजणे हे कायद्याच्या भाषेत साधे निरीक्षण राहत नाही. अशा कामाला कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. प्रजाती पहिल्या अनुसूचीत असेल तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी, नसेल तर राज्य सरकारची. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूच्यांची फेररचना झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पीएचडीच्या वेळी पाहिलेली जुनी यादी प्रस्तावात चिकटवू नका, तुमची प्रजाती नव्या यादीत शोधा. अभयारण्यात नुसते जाऊन पाहायचे असले तरी कलम २८ खाली वेगळी परवानगी लागते. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात दुर्बीण घेऊन मोजणी करायची तरी हे आलेच. मुख्य वन्यजीव रक्षकांचे कार्यालय नागपूरला आहे, पण फाईल तिथून परत उपवनसंरक्षकांकडे अभिप्रायासाठी येते आणि रेंगाळते ती तिथे. अर्जाची प्रत स्थानिक कार्यालयात आधीच देऊन ठेवली, जागांचा नकाशा आणि तारखा जोडल्या, तर हा फेरा लहान होतो. पकडण्याच्या परवानगीला सहा महिने ते एक वर्ष धरून चला. कमी लागले तर आनंदच आहे.

दोन हंगाम आणि त्यातला एक परवानगीने खाल्लेला, हे गृहीत धरले की प्रस्तावाची रचना आपोआप ठरते. काम तीन थरांत मांडा. पहिला थर वनविभागाची परवानगी न लागणारा : उपलब्ध नोंदी, उपग्रह-चित्रे, संग्रहालयातले नमुने. दुसरा थर पक्ष्याला हात न लावणारा : मोजण्या, ध्वनिमुद्रण, रात्रनिवाऱ्यावरची गणना. तिसरा थर हात लावणारा : जाळी, कडी, रक्त, टॅग. पहिला शोधनिबंध पहिल्या थरातून निघाला पाहिजे, दुसरा दुसऱ्यातून. तिसरा थर जमला तर प्रकल्प उजळेल, नाही जमला तरी बुडणार नाही. तुमच्या प्रश्नात सगळा भार तिसऱ्या थरावर आहे. तो हलवा.

टॅगचेच बघू. टॅग आणि तो बांधायचा पट्टा मिळून वजन पक्ष्याच्या वजनाच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. माँटेग्यूच्या भोवत्याचा नर साधारण २६० ग्रॅमचा, म्हणजे मर्यादा ७.८ ग्रॅम. मादी ३४० ग्रॅमच्या आसपास, मर्यादा १० ग्रॅम. बाजारात सहज मिळणारे सौर जीपीएस टॅग ९-१० ग्रॅमचे घेतले तर ते फक्त माद्यांना चालतात, आणि मग तुमचा निष्कर्ष 'माँटेग्यूच्या भोवत्याचे स्थलांतर' असा राहत नाही, माद्यांचे स्थलांतर असा होतो. प्रस्तावात ही गोष्ट तुम्ही स्वतः लिहिली नाही तर परीक्षक लिहितो, आणि त्याची भाषा बरी नसते. मोबाइल नेटवर्कवरून माहिती पाठवणारा टॅग असेल तर तो २जीवर चालतो की ४जीवर, त्यातले सिम कोणत्या देशाचे, आणि पक्षी मध्य आशियात उन्हाळाभर नेटवर्कबाहेर राहिला तर साठवण किती दिवसांची, हे उत्पादकाला लेखी विचारा. आर्गोस उपग्रहावर चालणाऱ्या टॅगला नेटवर्क लागत नाही, पण तो महाग आणि दरमहा शुल्काचा. शिवाय टॅग हे रेडिओ लहरी सोडणारे यंत्र आहे. आयातीला दूरसंचार विभागाची मान्यता लागते आणि ती नसेल तर खोके विमानतळाच्या सीमाशुल्कात हिवाळाभर बसते. आठ-दहा टॅगांतून मार्ग कळतो, थांबे कळतात, पण मृत्युदर कळत नाही. टॅग गप्प झाला म्हणजे पक्षी मेला, यंत्र बिघडले की पट्टा तुटला, हे इतक्या कमी संख्येत वेगळे काढता येत नाही. तेव्हा 'जगण्याचे प्रमाण मोजू' असे लिहू नका.

त्यापेक्षा एक स्वस्त वाट अशी. जर्मनीतल्या मॅक्स प्लँक इन्स्टिट्यूट ऑफ अॅनिमल बिहेवियरकडून चालवल्या जाणाऱ्या मूव्हबँक या भांडारात जगभरच्या टॅगांचे मार्ग साठवलेले असतात. तुमच्या प्रजातीचे मार्ग तिथे आहेत का ते पाहा आणि ते ज्या संशोधक गटाचे आहेत त्याला पत्र लिहा. तुमच्याकडे त्या पक्ष्यांच्या हिवाळी जागांची जमिनीवरची माहिती आहे, त्यांच्याकडे मार्ग आहेत. सहलेखकत्वाच्या करारावर हे काम परवानगीशिवाय सुरू होते आणि बहुधा हाच गट पुढे तुमचा यजमान होतो, म्हणजे त्यांच्याकडे तुम्ही फेलोशिप करता.

पहिल्या थरात ई-बर्ड या संकेतस्थळावर पक्षिनिरीक्षकांनी टाकलेल्या नोंदीही येतात. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'च्या २०२३ च्या अहवालात ९४२ प्रजातींचा विचार झाला आणि खुल्या माळरानांवरच्या पक्ष्यांची घट त्यात ठळक दिसली. त्यामुळे राष्ट्रीय पातळीवरचा कल तुम्ही पुन्हा काढायची गरज नाही. स्थानिक कारण काढा. नोंदी वापरताना फक्त पूर्ण याद्या (दिसलेला प्रत्येक पक्षी लिहिलेल्या) घ्या, सहा तासांपेक्षा किंवा १० किलोमीटरपेक्षा लांब याद्या गाळा, दहापेक्षा जास्त निरीक्षक असलेल्या गाळा, आणि एकाच प्रसिद्ध जागेवरच्या ढीगभर याद्यांतून ठरावीक संख्याच उचला. हे केले नाही तर नकाशा पक्ष्यांचा होत नाही, शनिवार-रविवारी निघणाऱ्या पक्षिनिरीक्षकांचा होतो. संवेदनशील प्रजातींची नेमकी ठिकाणे सार्वजनिक माहितीतून काढून टाकलेली असतात, ती हवी असतील तर वेगळी मागणी करावी लागते आणि तिला वेळ लागतो.

संग्रहालयातल्या नमुन्यांबद्दल एक इशारा. रानपिंगळा हे नामशेष समजले गेलेले छोटे घुबड. त्याचा १९१४ सालचा म्हणून सांगितला जाणारा गुजरातेतल्या मांडवीचा नमुना ब्रिटिश संग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेनच्या संग्रहात होता. तो चोरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी ती नोंद बाजूला सारली, खऱ्या नमुन्यांच्या जागांवरून शोध घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला. जुन्या चिठ्ठीवर विश्वास ठेवण्याआधी संग्राहकाचे नाव तपासायचे ते एवढ्यासाठी. मुंबईत बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा) संग्रह हाताशी आहे, प्रस्तावात त्याचा उपयोग असेल तर क्युरेटरचे संमतिपत्र जोडा.

दुसऱ्या थरात भोवत्यांसाठी रात्रनिवाऱ्याची गणना हे सर्वांत भरवशाचे काम आहे. उंच गवतात हे पक्षी एकत्र उतरतात. सूर्यास्ताआधी तासभर बसायचे, दोन-तीन बाजूंनी, निवाऱ्यापासून किमान २०० मीटर लांब, पूर्ण अंधार होईपर्यंत. चूक होते ती अशी : पक्षी उतरतात, पुन्हा उठतात, घिरट्या घालतात आणि दुसरा निरीक्षक त्यांना पुन्हा मोजतो. म्हणून आत येणारे आणि बाहेर जाणारे वेगळे लिहा, दर पाच मिनिटांचा रकाना ठेवा आणि घड्याळे आधी जुळवा. संधिप्रकाशात माँटेग्यू आणि पांढुरक्या भोवत्याच्या माद्या व पिल्ले वेगळी सांगता येत नाहीत. प्रौढ नर प्रजातीनिशी लिहा आणि बाकीचे एका गटात. ओळखता येत नाही ते ओळखले म्हणून लिहिले की सगळी मालिका वाया जाते.

चंडोल, धाविक अशा पक्ष्यांची घनता रेषामार्गावरून, म्हणजे ठरलेल्या रेषेवर चालून, काढायची असेल तर अंतर-पद्धतीला (पक्षी रेषेपासून किती लांब दिसला त्यावरून घनता काढणारी) एका प्रजातीच्या किमान ६० ते ८० नोंदी लागतात. किलोमीटरला सरासरी ०.४ पक्षी दिसत असेल तर ८० नोंदींसाठी २०० किलोमीटर चालावे लागेल. पहाटेच्या उपयोगी वेळेत एक माणूस तीन-चार किलोमीटर करतो. म्हणजे एका हंगामात पन्नास-साठ सकाळी. हा आकडा प्रस्तावात लिहा. पीएचडीच्या नोंदींवरून तो काढता येतो आणि त्या एका ओळीने परीक्षकाला कळते की हा माणूस माळावर खरेच चालला आहे.

ध्वनिमुद्रण सध्या प्रत्येक प्रस्तावात असते, आणि बहुतेकांत साठवणुकीचा हिशेब नसतो. बर्डनेट ही आवाजावरून पक्षी ओळखणारी संगणक-प्रणाली ४८ किलोहर्ट्झच्या मुद्रणावर, तीन-तीन सेकंदांच्या तुकड्यांत चालते. त्या दराने १६ बिटचे एकमार्गी मुद्रण तासाला साधारण ३४६ एमबी होते. २० यंत्रे, रोज चार तास, ६० दिवस म्हणजे ४,८०० तास आणि जवळपास १.६६ टीबी. दोन प्रती ठेवायच्या तर ३.३ टीबी. कार्डे, बॅटऱ्या आणि दोन डिस्क यांचा खर्च यंत्रांच्या किमतीजवळ जातो. दख्खनच्या माळावर जून ते ऑगस्ट वारा असा असतो की अर्धे मुद्रण घोंगावण्यातच जाते. यंत्र जमिनीपासून कमी उंचीवर, झुडपाच्या आडोशाला, फोमचे आवरण घालून लावा आणि वाऱ्याच्या तासांचे मुद्रण गाळण्याचा निकष आधी ठरवा. प्रणालीने दिलेला विश्वासांक म्हणजे खात्री नव्हे. प्रत्येक प्रजातीचे शंभरेक तुकडे स्वतः ऐकून उंबरठा ठरवावा लागतो, आणि तो चंडोलांत, जे एकमेकांच्या नकला करतात, तित्तिरापेक्षा खूप वर जातो.

आता पैसा. देशात सर्वांत परिचित मार्ग एन-पीडीएफचा, म्हणजे नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिपचा. ती आधी एसईआरबी या केंद्राच्या संशोधन मंडळाकडे होती. २०२३ च्या कायद्याने त्याच्या जागी एएनआरएफ (अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन) आले आणि फेलोशिप तिकडे गेली. मुदत दोन वर्षे, वयोमर्यादा ३५, महिला आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत. प्रबंध जमा केलेला पण पदवी हाती नसलेला उमेदवारही अर्ज करू शकतो, फक्त पदवी येईपर्यंत विद्यावेतन कमी. फेलोशिप आयुष्यात एकदाच घेता येते आणि एका मार्गदर्शकाकडे एका वेळी असे दोनच फेलो चालतात. तेव्हा ज्यांना पत्र लिहिता त्यांच्याकडे जागा आहे का हे पहिल्याच पत्रात विचारा.

विद्यावेतनाखेरीज संशोधनासाठी वर्षाला दोन लाख रुपये मिळतात, आणि पक्ष्यांच्या कामात खरी अडचण तिथे आहे. सोलापूर भागात दुचाकीवर रोज १०० किलोमीटर, १२० दिवस, लिटरला ४५ किलोमीटर आणि १०५ रुपये धरले तर इंधन २८ हजार. स्थानिक सहायक १५ हजार महिन्याने आठ महिने, १ लाख २० हजार. उरले ५२ हजार, त्यात खोलीभाडे, बॅटऱ्या, कार्डे, विमा. लाख-सव्वालाखाचा एक टॅगसुद्धा त्यात मावत नाही. सहायकाचे मानधन कोणत्या शीर्षाखाली चालते हे यजमान संस्थेच्या लेखा विभागाला अर्जाआधी विचारा. काही ठिकाणी ते चालतच नाही आणि मग ते यजमानाच्या दुसऱ्या प्रकल्पातून निघते. खरेदी बहुधा जेम या सरकारी खरेदी-पोर्टलवरून होते, तिथे ध्वनिमुद्रक मिळेलच असे नाही, आणि बाहेरून घेण्याच्या फाईलला तीन महिने लागतात. ऑक्टोबरला यंत्र हवे तर मागणीपत्र जूनमध्ये गेले पाहिजे.

पूरक म्हणून रफर्ड फाउंडेशन आणि ओरिएंटल बर्ड क्लब यांची छोटी अनुदाने आहेत. रफर्डला निव्वळ शैक्षणिक प्रश्न चालत नाही, संवर्धनाचा परिणाम हवा असतो. पैसा परदेशी असल्याने तो ज्या संस्थेत येणार तिची एफसीआरए (परकीय देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी जिवंत आहे का पाहा. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेली परकीय देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. 'पैसे त्यांच्याकडे येतील आणि ते आमच्याकडे वळवतील' ही जुनी सोय आता बंद आहे.

यजमान निवडताना नावापेक्षा कुवत बघा. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, कोइंबतूरचे सॅकॉन (सलीम अली पक्षी-केंद्र, आता वन्यजीव संस्थेचाच भाग), बंगळुरूचे एनसीबीएस आणि आयआयएससी, पुणे आणि तिरुपतीचे आयसर, मैसूरचे एनसीएफ, मुंबईचे बीएनएचएस ही ठिकाणे पक्ष्यांच्या कामाला माहीत आहेत. पण एनसीएफ, बीएनएचएससारख्या स्वयंसेवी संस्थेला सरकारी फेलोशिपचा यजमान होता येते का, हे त्या-त्या फेरीच्या अटींत आणि संस्थेच्या डीएसआयआर (केंद्राचा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभाग) मान्यतेत तपासावे लागते. चांगली जोडी म्हणजे विद्यापीठातला एक मार्गदर्शक, जो सांख्यिकी आणि लेखन बघेल, आणि जमिनीवर काम करणाऱ्या संस्थेतला एक, ज्याचे वनविभागाशी रोजचे बोलणे आहे. अमेरिकेतल्या डेव्हिड एच. स्मिथ फेलोशिपची रचना याच तत्त्वावर होती : एक विद्यापीठातला, एक प्रत्यक्ष संवर्धनातला. तिथली रचना उचलायला कोणाची हरकत नाही.

परदेशात युरोपची मारी क्युरी पोस्ट-डॉक सर्वांना माहीत असते. २०२१ ते २०२५ च्या फेऱ्यांचे नियम असे होते : पीएचडी अंतिम तारखेआधी झालेली हवी, मौखिक परीक्षा झाली असल्यास अधिकृत पदवीदानाआधीही चालते; पीएचडीनंतरचा संशोधन-अनुभव आठ वर्षांपर्यंत; आणि मागच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावे. पुढच्या फेरीला हे नियम जसेच्या तसे असतील असे गृहीत धरू नका, त्या वर्षीची मार्गदर्शिका उघडा. अर्ज सप्टेंबरात, निकाल फेब्रुवारीत. मुख्य भाग दहा पानांचा. गुणांत उत्कृष्टतेला ५०, परिणामाला ३० आणि अंमलबजावणीला २० टक्के वजन. २०२५ च्या फेरीला १७ हजारांहून जास्त अर्ज आले, त्यामुळे ९० गुणही आता पुरे पडतील असे नाही. पण २०२५ पर्यंतच्या फेऱ्यांत ७० टक्क्यांखाली गेलेल्याला त्याच यजमानाबरोबर पुढच्या वर्षी अर्ज करता येत नसे (आताची मर्यादा मार्गदर्शिकेत पाहा), म्हणून 'यंदा सरावाला भरू' हा विचार महागात पडतो. पक्ष्यांच्या प्रस्तावांत गुण जातात ते बहुधा शेवटच्या २० टक्क्यांत : कामाचा तक्ता महिन्यांचा असतो, हंगामांचा नसतो. आणि भारतात क्षेत्रकाम असेल तर नीतिविषयक भागात प्राणी हाताळणे, युरोपबाहेरचा देश आणि नमुन्यांची ने-आण हे तिन्ही रकाने भरावे लागतात. एक रिकामा राहिला तर करारच अडकतो.

ब्रिटनमध्ये रॉयल सोसायटीची न्यूटन इंटरनॅशनल, जर्मनीत हुम्बोल्ट, अमेरिकेत फुलब्राइट-नेहरू. शेवटची ८ ते २४ महिन्यांची आणि पीएचडीला चार वर्षे व्हायच्या आत घ्यायची. तिच्या व्हिसाला दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट चिकटते, ती घेण्याआधी घरी बोला. अमेरिकेच्या एनएसएफची जीवशास्त्रातली पोस्ट-डॉक तिथल्या नागरिक आणि कायम रहिवाशांनाच आहे, तिच्यावर संध्याकाळ घालवू नका. कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजीची रोझ फेलोशिप मात्र थेट पक्ष्यांसाठी. ई-बर्ड, बर्डनेट आणि मकॉले ध्वनिसंग्रह याच छताखाली आहेत, म्हणून तिथे टॅगचा प्रस्ताव नेण्यापेक्षा त्यांच्या भांडारात भारतातल्या माळरानांचे काय दिसते आणि काय दिसत नाही, हा प्रश्न नेणे शहाणपणाचे.

परदेशी यजमान आणि भारतातली जागा असे ठरले तर एक कायदेशीर खाच आहे. वर्षभर बाहेर राहून आयकराच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी झालात, की जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३ मध्ये परदेशी नागरिकांच्या रांगेत येता. संशोधनासाठी रक्त, पीस असे जैविक साधन घ्यायला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते, पासपोर्ट भारतीय असला तरी. दुर्बिणीतून पाहून लिहिलेल्या नोंदींना हे लागू नाही. नमुना सीमेबाहेर न्यायचा तर सायटिस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचा परवाना वेगळा. शिकारी पक्षी आणि घुबडे जवळपास सगळीच त्या कराराच्या परिशिष्टांत आहेत आणि पिसाचा तुकडाही त्यात येतो. सोपा उपाय म्हणजे डीएनए इथेच काढून, इथेच क्रमवाचन करून फक्त माहिती पाठवणे. पण तिच्याही देवाणघेवाणीच्या अटी करारात लिहून घ्या. यजमान प्राध्यापक पर्यटक व्हिसावर येऊन जाळी लावतो म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. अडकतो तो तो नाही, तुमचा परवाना अडकतो.

प्रस्तावाचा प्रश्न कसा असावा? 'भोवत्यांच्या हिवाळी परिसंस्थेचा सर्वंकष अभ्यास' हा प्रश्न नव्हे, तो मथळा आहे. प्रश्न असा : निवाऱ्यावरची संख्या आसपासच्या पाच किलोमीटरमधल्या गवताच्या क्षेत्रावर ठरते की टोळांच्या उपलब्धतेवर? गवत असेल तर अमुक दिसेल, टोळ असतील तर तमुक. उत्तर कोणाच्या हातात जाईल तेही लिहा. आपली कितीतरी माळराने सरकारी नकाशांत पडीक जमीन म्हणून नोंदलेली आहेत, तिथे सलग समतल चर खणून झाडे लावली जातात. कोणत्या गटात चर खणू नयेत हे सांगणारा नकाशा उपवनसंरक्षकांना पुढच्या कार्य-आयोजनेत वापरता येतो. असे पत्र त्यांच्याकडून आधी मिळाले तर 'परिणाम' या भागात तीन परिच्छेद लिहायची गरज उरत नाही.

मोजायची गोष्ट निर्णयाला चिकटलेली असली की काय होते हे गिधाडांच्या बाबतीत दिसले. गिधाडे मरण्याचे कारण गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक असल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले, २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय उत्पादनावर बंदी आली. नंतरच्या कामात गिधाडे मोजण्याबरोबर मेलेल्या गुरांच्या यकृतातले औषध मोजले गेले, म्हणून बंदी कुठे गळते ते कळले. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जात होत्या. २०१५ मध्ये कुपी ३ मिलिलिटरवर आणली गेली. केवळ गिधाडांची संख्या मोजत राहिले असते तर घट दिसली असती, कुपी दिसली नसती.

यजमानाला पहिले पत्र अंतिम तारखेच्या पाच-सहा महिने आधी, एका पानाचे : तुमचा प्रश्न दोन ओळींत, त्यांच्या कोणत्या कामाशी तो जुळतो, कोणती फेलोशिप, तिची तारीख आणि तुमचे दोन शोधनिबंध. 'आपल्या प्रयोगशाळेत संधी मिळावी' असे पत्र उघडून बंद होते. दहा दिवसांत उत्तर नसेल तर एकदा आठवण करा, नंतर पुढे जा. शिफारसपत्रांना तीन आठवडे द्या आणि देणाऱ्यांना प्रस्तावाचा मसुदा पाठवा. पीएचडीच्या मार्गदर्शकाने तुमच्या चिकाटीचे कौतुक करण्यापेक्षा, क्षेत्रकामाची आखणी तुम्ही स्वतः केली होती हे एक वाक्य लिहिले तर जास्त उपयोग होतो.

शेवटचे काम विद्यापीठाचे. मौखिक परीक्षा आणि प्रत्यक्ष प्रमाणपत्र यांच्यामध्ये महिने जातात आणि परदेशी पोर्टल प्रमाणपत्र मागते. मौखिक परीक्षा संपली त्याच आठवड्यात परीक्षा विभागातून पदवीस पात्र ठरल्याची अधिसूचना घ्या, तिच्यावर तारीख आणि शिक्का आहे ना पाहा आणि इंग्रजी प्रत मागा. पुढच्या अनेक फेलोशिपांत तुमची पात्रतेची वर्षे मोजताना त्या कागदावरची तारीख कामी येते.